कंपनी पोराची, पैसा कोणाचा?

प्रश्न : ताई, नमस्कार. मी उद्यमबागेत टर्नर म्हणून आयुष्य काढलं, आता अनगोळला घरीच असतो. मुलगा इंग्लंडमध्ये कॉव्हेंट्रीला कायमचा स्थायिक आहे. नोकरी सोडून त्यानं गेल्या वर्षी स्वतःची लिमिटेड कंपनी काढली. कास्टिंगचे पॅटर्न, जिग-फिक्श्चर यांची डिझाइनं करून देतो. गिऱ्हाइकं तिकडची आहेत, तशी इथली दोन वर्कशॉपंही. सगळे पैसे तो पगाराच्या जुन्या खात्यातच घेतो. म्हणतो, "डायरेक्टर मीच, शेअर माझेच, मग वेगळ्या खात्याला दर महिन्याचा चार्ज कशाला भरू?" इथले वर्कशॉपवाले म्हणतात, पौंड पाठवायची कटकट नको, तुमच्या खात्यावर रुपयांत टाकतो. पोरगाही तयार आहे, कारण वरचा मजला बांधायला तो मला पैसे देणारच आहे. शिवाय कंपनीचं खातं काढलंच तर त्यावर तुमचीही सही ठेवू म्हणतो. काय करावं?
– एक वाचक, अनगोळ, बेळगाव

उत्तर : मुलाचा प्रश्न सोपा आहे, तो आधी संपवते. तुमच्या रुपयांचा मामला जास्त भानगडीचा आहे.

लिमिटेड कंपनी नोंदवली की कायद्याच्या लेखी ती एक वेगळी व्यक्ती. सगळे शेअर मुलाचे असले तरी त्याची मालकी शेअरवर, गल्ल्यावर नाही. वेगळं खातं काढाच, असं इंग्लंडचा कायदा थेट म्हणत नाही, हे त्याचं बरोबर आहे. पण पर्सनल खात्याच्या अटींत धंद्यासाठी वापर करायला बहुतेक बँकांनी मनाई केलेली असते. बँकेच्या लक्षात आलं तर ती खातं बंद करू शकते, आणि घराचा हप्ता त्याच खात्यातून जात असेल तर मग पळापळ.

खरी मेख पुढे आहे. कंपनीतून पैसे काढायचे रस्ते ठरलेले आहेत : पगार, नफा असेल तर डिव्हिडंड म्हणजे शेअरवाल्याचा नफ्यातला वाटा, आणि कंपनीसाठी खिशातून केलेल्या खर्चाची भरपाई. यात न बसणारी रक्कम डायरेक्टरनं कंपनीकडून घेतलेलं कर्ज धरली जाते. हिशेबाचं वर्ष संपल्यापासून नऊ महिने आणि एक दिवस एवढ्या मुदतीत ती परत आली नाही, तर कंपनीला त्या रकमेच्या एक तृतीयांशाहून जास्त कर भरावा लागतो. कर्ज फेडल्यावर तो परत मिळतो, पण सवडीनं. आता एकाच खात्यात किराणा, पेट्रोल आणि गिऱ्हाइकांची पेमेंटं कालवलेली असली, तर अकाउंटंट प्रत्येक ओळीवर बोट ठेवून "हे कुणाचं?" विचारणार, आणि त्या विचारण्याचंही बिल लावणार. खात्याचा मासिक चार्ज त्यापुढे किरकोळ. गेल्या वर्षाचं जे झालं ते स्टेटमेंट समोर ठेवून अकाउंटंटकडून आत्ताच निवडून घ्यावं आणि कंपनीचे उरलेले पैसे नव्या खात्यात वळवावेत.

खातं कुठं काढावं? मोबाइलवर झटपट खाती देणाऱ्या कंपन्या तिकडे पुष्कळ आहेत, पण त्यातल्या सगळ्याच बँका नाहीत. काहींकडे फक्त इलेक्ट्रॉनिक पैसे सांभाळायचा परवाना असतो. ते गिऱ्हाइकांचे पैसे वेगळे ठेवतात, पण ठेवविम्याचं कवच त्यांना नसतं. आपल्याकडच्या पतसंस्थेची पाटी आणि काउंटर बँकेसारखं दिसतं, पण पाच लाखांचा ठेवविमा तिथं लागू नसतो, तसंच हे. इंग्लंडच्या बँकांत हे कवच डिसेंबर २०२५ पासून १,२०,००० पौंडांचं आहे. कंपनीची ठेव त्यात मुलाच्या ठेवीपासून वेगळी मोजतात, म्हणजे एकाच बँकेत दोन्ही खाती असली तरी दोघांना स्वतंत्र कवच. ही गोष्ट मुलाला जरूर सांगा, चार्जचं दुःख थोडं कमी होईल.

आता रुपये. वर्कशॉपवाल्यांना साफ नाही म्हणा. मी बँकेत फॉरेक्सच्या टेबलावर बसायची तेव्हाही "इकडंच घ्या की, तिकडं मिटवून टाका" हा सल्ला देणारे शहाणे रोज भेटायचे. परदेशी कंपनीचं देणं इथल्या माणसाच्या खात्यावर परस्पर भागवायला १९९९ चा फेमा, म्हणजे परकीय चलनाचा कायदा मनाई करतो, देणाऱ्यालाही आणि घेणाऱ्यालाही. त्यात ते पैसे तुमच्या पॅनवर दिसणार. उद्या आयकर खात्यानं विचारलं, टर्नरकीतून निवृत्त झालेल्या माणसानं कसली डिझाइनं विकली, तर काय सांगाल? वर्कशॉपनं आपल्या बँकेतून कंपनीच्या नावावर पौंड पाठवावेत. इन्व्हॉइसवर कंपनीचं नाव आणि खातं मुलाचं, असं असलं तर फॉरेक्सवाले तिथंही अडवतील. त्यांचं काही चुकत नाही.

मजल्याचे पैसे मुलानं जरूर द्यावेत, पण कंपनीच्या खात्यातून थेट नको. त्यानं आधी पगार किंवा डिव्हिडंड स्वतःच्या खात्यात घ्यावा, तिथला कर भरावा आणि मग तुम्हाला पाठवावं. मुलानं बापाला दिलेल्या भेटीवर तुम्हाला आयकर नाही. पाठवणारी कंपनी असेल तर ही सवलत मिळत नाही, कारण कंपनी तुमची नातलग नव्हे. जाता जाता, बेळगावात त्याचं जुनं बचत खातं तसंच चालू असेल तर ते एनआरओ, म्हणजे परदेशी स्थायिक झालेल्यांसाठीचं इथलं रुपयांचं खातं, करून घ्या. हे बहुतेक घरांत राहून गेलेलं असतं.

सहीचं प्रेम समजते, तरी घेऊ नका. परदेशातल्या खात्यावर नुसता सहीचा अधिकार असला, एक पैसाही तुमचा नसला, तरी भारतात राहणाऱ्याला ते दरवर्षी आयकर रिटर्नमध्ये परदेशी मालमत्तेच्या रकान्यात दाखवावं लागतं. उत्पन्न करपात्र नसलं तरी रिटर्न भरावंच लागतं. न दाखवल्यास २०१५ च्या काळ्या पैशाच्या कायद्याखाली १० लाखांचा दंड आहे. छोट्या रकमांना ऑक्टोबर २०२४ पासून सूट मिळाली आहे खरी, पण मुलाच्या कंपनीत किती शिल्लक आहे यावर तुमची झोप कशाला टांगायची? दुसरी सही हवीच असेल तर तिकडच्या सूनबाईंची ठेवावी.

प्रश्न : मुलगी मँचेस्टरला घरून केक करून विकते. कंपनी वगैरे काही नाही. तिलाही बिझनेस खातं लागेल का?
– एक भगिनी, निपाणी

उत्तर : कंपनी नसेल तर ती आणि तिचा धंदा कायद्यानं एकच, त्यामुळे सक्ती नाही. तिकडचं करवर्ष ६ एप्रिलला सुरू होतं, आणि वर्षाला १,००० पौंडांपर्यंतच्या अशा विक्रीवर कर नाही. त्याच्या पुढं विक्री गेली की तिथल्या करखात्याकडे नोंदणी करावी. रोजच्या खात्याच्या अटी एकदा वाचून घ्यायला सांगा; धंद्याला मनाई असेल तर छोट्या व्यावसायिकांसाठी बिनचार्जची खाती मिळतात. मात्र कंपनीसारखं दुहेरी कवच इथं नाही, तिच्या दोन्ही खात्यांतले पैसे एका बँकेत एकत्रच मोजतात. मैदा-लोण्याच्या पावत्या टाकून देऊ नका म्हणावं.