माझदा एमएक्स-५ (उघड्या छताची स्पोर्ट्स कार) रेस ट्रॅकवर नेण्याआधी

टर्बो बसवायचं नंतर बघू, आधी ब्रेक फ्लुइड बदल. ते हवेतली ओल शोषतं. डॉट ४ या प्रतीच्या फ्लुइडचा उत्कलनबिंदू नवं असताना किमान २३० अंश. ओल धरली की १५५ पर्यंत उतरू शकतो, मग तापलेल्या ब्रेकमध्ये ते उकळतं आणि ऐन वळणाआधी पेडल तळाला जातं. सोबत ट्रॅकचे ब्रेक पॅड टाक.

छत उघडं, म्हणजे रोल बार (गाडी उलटली तर डोकं वाचवणारी लोखंडी कमान) हवाच, पॅडिंगसकट. नुसता चार पट्ट्यांचा हार्नेस मूळ सीटवर मात्र बसवू नकोस, फोटोत कितीही झकास दिसो! धडकेत खांद्याचे पट्टे कंबरेचा पट्टा वर ओढतात आणि तो पोटात रुततो. त्यापेक्षा कंपनीचा पट्टा बरा.

हेल्मेट स्नेल या चाचणी संस्थेच्या एसए प्रतीचं, म्हणजे कार रेसिंगसाठीचं घे. बाइकच्या एम प्रतीत आगीची चाचणी नसते. एक्झॉस्टची हौस पुढच्या वर्षी.