बिबट्या गेकोची अंडी: खळगा, बुरशी आणि ४१वा दिवस

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: लेपर्ड गेको (म्हणजे बिबट्या गेको, पाळीव पाल) मादीनं दोन अंडी घातली, कोंबडीच्या अंड्यांच्या इन्क्युबेटरमध्ये २९ अंशांवर ठेवली, आज ४१वा दिवस. एक पिवळट पडून त्यावर बुरशी आलीये, दुसऱ्याला खळगा पडलाय. घर जळगावात, महिना मे.

आधी एक विचारतो: इन्क्युबेटरचं अंडी फिरवणारं यंत्र बंद आहे ना? कोंबडीचं अंडं फिरवावं लागतं, गेकोचं अजिबात नाही. त्यातला गर्भ सुरुवातीच्या एक-दोन दिवसांतच कवचाच्या आतल्या बाजूला चिकटतो. मग अंडं उलटलं तर तो दगावू शकतो. म्हणून अंडं उचलण्याआधीच वरच्या बाजूला पेन्सिलनं टिंब काढायचं.

आता पिवळं अंडं. अंधारात मोबाईलचा टॉर्च बाजूनं लावून बघा, न उचलता. आत लालसर शिरा दिसल्या तर जिवंत आहे. नुसतंच पिवळं दिसलं, चपटं झालं आणि वास मारू लागलं तर काढून टाका. बहुधा ते फळलंच नव्हतं, पहिल्या विणीत असं बऱ्याचदा होतं. शंका वाटली तर राहू द्या. दोन अंडी एकमेकांना चिकटलेली नसतील तर बुरशीवालं वेगळ्या डबीत हलवा, म्हणजे शेजाऱ्याची चिंता नको.

खरा प्रश्न खळग्याचा. अंडं फुटायच्या एक-दोन दिवस आधी ते सैल पडतं, कधी वर घामासारखे थेंबही येतात. पण २९ अंशांवर साधारण ४५ ते ६० दिवस लागतात, त्यामुळे ४१व्या दिवशी मला आधी कोरडेपणाचा संशय येतो. अंडी ज्या वर्मिक्युलाईटमध्ये (ओल धरून ठेवणारं दाणेदार खनिज) ठेवलीयेत, तो डबा स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर ठेवा. मी सुरुवातीला वर्मिक्युलाईट आणि पाणी समान वजनाचं घेतो आणि पूर्ण डब्याचं वजन झाकणावर लिहून ठेवतो. पुढे जेवढे ग्रॅम घटतील तेवढंच कोमट पाणी कडेनं सोडायचं, अंड्यावर थेंबही नाही. तुम्ही वजन लिहिलं नसेल तर थोडं वर्मिक्युलाईट मुठीत दाबून बघा. एखाद-दुसरा थेंब पडला तर पुरे, धार लागली तर जास्त. पाणी घातल्यावर एक-दोन दिवसांत खळगा भरला, तर समजा तहानच होती.

आणि उन्हाळा. इन्क्युबेटर फक्त गरम करतो, थंड नाही करत. खोलीच ३८ ला गेली तर पडद्यावर २९ लावून काय उपयोग? माझी अंड्यांची एक जोडी अशीच गेली. आकडा मी मशीनचा बघत होतो, अंड्याशेजारी थर्मामीटरचा सेन्सर ठेवला तेव्हा ३५ निघालं. पिल्लं आत पूर्ण वाढलेली होती. तेव्हापासून एप्रिल-मेमध्ये मी डबा थर्माकोलच्या खोक्यात, जमिनीवर, सर्वांत गार खोलीत ठेवतो आणि दुपारी कापडात गुंडाळलेली बर्फाची बाटली कोपऱ्यात टाकतो. पारा दोन अंश खाली गेला तर दिवस लांबतात, ३५च्या घरात चढला तर जीव जातो. (मादी-नराचं गणितही तापमानावरच चालतं: २६-२८ ला बहुतेक माद्या, ३२च्या पुढेमागे बहुतेक नर.)

अंड्याला चीर पडून नाकाचं टोक दिसलं की हात मागे घ्या. पिल्लू एक दिवसही तसंच बसून राहतं. पोटाला लागलेलं पिवळं बलक शोषून घेत असतं, ओढून काढलंत तर तेच तुटतं. बाहेर आल्यावर ओल्या टिश्यूपेपरवर छोट्या डब्यात ठेवा, वाळूवर नको. पहिली कात टाकेपर्यंत, म्हणजे साधारण तीन-चार दिवस, ते खात नाही. घाबरू नका.

आज रात्री डब्याचं वजन आणि अंड्याशेजारचं दुपारी तीनचं तापमान, एवढे दोन आकडे लिहा. मग पुढचं बोलू.