डोहाळजेवणही नको वाटतं

प्रश्न : मला सातवा महिना चालू आहे. आम्ही नाशिकला सिडकोत राहतो, मिस्टर अंबडला कंपनीत पाळीवर जातात. गेला दीड महिना कशातच मन लागत नाही. पहाटे तीनला जाग येते, ती येतेच. बाळ हललं तरी आनंद होत नाही आणि त्याचंच अपराधी वाटतं. सकाळी डोळे उघडूच नयेत असं मनात येतं. सासूबाई म्हणतात, हसत राहा, बाळावर परिणाम होतो. पुढच्या महिन्यात डोहाळजेवण ठरलंय, तेही नको वाटतं.
(एक वाचक, सिडको)

उत्तर : ताई, ‘डोळे उघडूच नयेत’ हे तुम्ही लिहिलंत ते फार बरं केलंत. हेच वाक्य आज मिस्टरांना, आईला, ज्यांच्याशी बोलता येईल त्यांना सांगा. जीव द्यावा असा विचार येत असेल तर एकट्या राहू नका. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो, फोन मोफत आहे, मराठीत बोलता येतं. विचार आवरेनासा झाला तर अपॉइंटमेंटची वाट न पाहता, कोणाला तरी सोबत घेऊन त्र्यंबक रोडवरचं जिल्हा रुग्णालय गाठा. गाडी नसेल तर १०८ ला फोन करा.

आता दीड महिन्याविषयी. गरोदरपणात थकवा येतो, रडू येतं, पण झोप झाली, माहेरचं कोणी भेटलं की तेवढ्यापुरतं तरी मन हलकं होतं. दोन आठवड्यांहून जास्त दिवस, रोज, दिवसाचा बराचसा वेळ उदासी आणि आवडीच्या गोष्टीतही रस नाही, तर तो नैराश्याचा आजार असू शकतो. बाळंतपणानंतरच हे होतं असा समज आहे, पण पोटुशी असतानाही होतं. बाळाविषयी काही न वाटणं हेही त्याचंच लक्षण. त्यावरून तुम्ही कशी आई व्हाल ते ठरत नाही.

सासूबाईंना काळजी आहे, पण ‘हसत राहा’ म्हटलं की बाई दुखणं लपवायला शिकते. चार दिवस रडल्यानं बाळाचं काही बिघडत नाही. आजार अंगावर काढला की जेवण सुटतं, तपासण्या चुकतात, आणि बाळाचं नुकसान त्यातून होतं.

तपासणीला गेल्यावर काय घडतं ते ठाऊक आहेच. वजन, बीपी, ठोके, मग ‘काही त्रास?’ आपण ‘नाही’ म्हणतो आणि पुढचा नंबर लागतो. म्हणून घरूनच चिठ्ठी लिहून न्या : ‘दीड महिना रोज उदास वाटतं. पहाटे तीनला जाग येते. बाळाविषयी काही वाटत नाही. जगू नये असं मनात येतं.’ माता-बाल संरक्षण कार्डात ठेवा आणि कार्डासोबत डॉक्टरांच्या हातात द्या. सरकारी दवाखान्यांत दर महिन्याच्या ९ तारखेला गरोदर बायकांची मोफत तपासणी असते. पण ९ तारीख लांब असेल तर थांबू नका, याच आठवड्यात जा.

हिमोग्लोबिन आणि थायरॉइड तपासून मागा. हिमोग्लोबिन ११ च्या खाली असेल किंवा थायरॉइड कमी पडत असेल तरी अशीच मरगळ येते. लोहाची गोळी चहा, दूध किंवा कॅल्शियमच्या गोळीबरोबर घेतली तर अंगी कमी लागते. मध्ये दोन तास जाऊ द्या. डॉक्टर कदाचित दहा प्रश्नांची एक प्रश्नावली भरून घेतील. गेल्या सात दिवसांचं विचारतात, एकूण गुण ३०. साधारण १३ किंवा जास्त आले तर मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवतात. शेवटचा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचाराचा असतो. तिथं ‘कधीच नाही’ सोडून काहीही उत्तर आलं, तर एकूण गुण कितीही कमी असोत, त्याची दखल घ्यावीच लागते. तिथं खरं उत्तर द्या.

सौम्य आजारात समुपदेशनानं बरंच सुधारतं. त्रास जास्त असेल तर गरोदरपणात चालणाऱ्या गोळ्याही आहेत. त्यांचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात, म्हणून आठव्या दिवशी ‘काही उपयोग नाही’ म्हणून सोडू नका.

घरी एवढंच करा. मन लागेल तेव्हा उठू, असं ठरवलं की दिवस पलंगावरच जातो. या आजारात आधी हालचाल आणि मागाहून हुरूप, असा क्रम असतो. डॉक्टरांनी चालायला मनाई केली नसेल तर सकाळी आंघोळ झाली की दहा मिनिटं, फक्त दहाच, खाली चालून या. आठवडाभर जमलं की पंधरा करा. पहिल्याच दिवशी इंदिरानगरच्या जॉगिंग ट्रॅकवर तासभर चालायचा बेत केला तर दुसऱ्या दिवशी तो मोडतो आणि स्वतःचाच राग येतो. पहाटे जाग आली आणि वीसेक मिनिटांत झोप लागली नाही, तर उठून खुर्चीवर बसा, मंद दिवा लावा, मोबाइल मात्र हातात घेऊ नका.

आणि डोहाळजेवण. हिरवी साडी, फुलांचे दागिने, झोपाळा, पन्नास बायकांसमोर हसरा चेहरा. आजारात हे ओझंच होतं. घरातल्या पाच बायका, ओटी आणि जेवण, तासाभरात आटपा, नाहीतर रद्द करा. हे सासूबाईंना तुम्ही सांगू नका, मिस्टरांनी सांगावं : ‘डॉक्टरांनी तिला दगदग करू नको म्हटलंय.’ डॉक्टरांना विचारलंत तर तेही हेच म्हणतील.

प्रश्न : बायकोला आधीपासून डिप्रेशनची गोळी चालू होती. दिवस राहिल्याचं कळताच नातेवाइकांच्या सांगण्यावरून बंद केली. आता ती झोपत नाही, जेवत नाही. काय करू? आमची दिंडोरीजवळ द्राक्षबाग आहे.
(एक वाचक)

उत्तर : गोळी एकदम तोडली की आजार उलटण्याचा धोका असतो. पण उरलेल्या गोळ्या घरच्या घरी पुन्हा सुरूही करू नका. जुनी चिठ्ठी आणि पाकीट घेऊन तिच्या मानसोपचारतज्ज्ञांकडे एक-दोन दिवसांत जा, स्त्रीरोगतज्ज्ञांनाही कळवा. सर्ट्रालिनसारखी औषधं गरोदरपणात बऱ्याचदा दिली जातात. व्हॅल्प्रोएट मात्र बाळाच्या मेंदू-मणक्याला घातक ठरू शकतं, पाकिटावर ते नाव दिसलं तर आजच फोन करून विचारा.

तिला सरळ विचारा, ‘जीव द्यावा असं मनात येतं का?’ विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरत नाही. उलट बोलायला वाट मिळते. उत्तर ‘हो’ आलं तर क्षणभरही एकटी सोडू नका आणि वर दिलेल्या क्रमांकांवर लगेच फोन करा. उत्तर ‘नाही’ आलं तरी बागेच्या फवारणीची औषधं आजच घरातून हलवा. शेजारच्या शेतातल्या खोलीत कुलूपबंद ठेवा, किल्ली भावाकडे द्या. उरलेल्या गोळ्यांचं पाकीटही तुमच्याच ताब्यात राहू द्या.