‘ट्रीहाऊस ऑफ हॉरर’ला मराठीत काय म्हणाल?

प्रश्न असा आहे: ‘द सिम्प्सन्स’ या अमेरिकी कार्टून मालिकेत दरवर्षी हॅलोवीनच्या सुमारास ‘ट्रीहाऊस ऑफ हॉरर’ नावाचा भाग येतो. त्यात एकमेकींशी संबंध नसलेल्या तीन भीतीदायक-विनोदी गोष्टी असतात. अशा ‘अँथॉलॉजी एपिसोड’ला मराठी शब्द काय? भाषांतरयंत्र ‘काव्यसंग्रह भाग’ असं सुचवतं. आणि मथळ्याचं मराठी कसं करावं?

‘काव्यसंग्रह’ तर सोडूनच द्या. पण यंत्र तिथे का घसरलं ते पाहण्यासारखं आहे. अँथॉलॉजी हा मूळचा ग्रीक शब्द आणि त्याचा अक्षरशः अर्थ ‘फुलं वेचणं’. आपल्याकडेही याच कामाला नेमकं हेच क्रियापद लागलं. परशुरामपंत गोडबोले यांनी १८५४ साली जुन्या कवींच्या रचना निवडून ‘नवनीत’ काढलं, त्याची ओळखच ‘मराठी कवितांचे वेचे’ अशी आहे. त्याच्या कितीतरी आधीची, महाराष्ट्री प्राकृतातल्या अनेक कवींच्या गाथा एकत्र आणणारी हालाची ‘गाथासप्तशती’ही त्याच जातीची. म्हणजे पुस्तकांपुरता हिशेब सरळ आहे: अनेकांच्या लेखनातून कुणीतरी निवडलं तर संकलन किंवा वेचे, एकाच लेखकाचं एकत्र केलं तर संग्रह.

पडद्यावरची अँथॉलॉजी या दोन्हींत बसत नाही. तिथे आधी लिहिलेल्यातून निवड होत नाही. गोष्टी मुद्दाम नव्याने लिहिल्या जातात, सुट्या असतात आणि एका वेष्टनात बांधल्या जातात. त्यामुळे ‘संकलन भाग’ म्हटलं तर वाचणाऱ्याला वाटतं, जुन्या भागांतले गाजलेले प्रसंग जोडून केलेला भाग असावा. तोही प्रकार दूरदर्शन मालिकांत असतो, आणि ‘संकलन’ हा शब्द त्याच्यासाठीच राखून ठेवावा.

‘भयत्रयी’ हा शब्द कानाला छान लागतो, पण तोही नको. मराठीत त्रयी म्हटलं की तीन स्वतंत्र पण एका सूत्राने जोडलेल्या कलाकृती डोळ्यांपुढे येतात, जशी नाट्यत्रयी. इथे तीन गोष्टींना सूत्रच नाही. ‘तिपेडी’ म्हणावं तर पेड एकमेकांत गुंफलेले असतात. मला या प्रकाराच्या सगळ्यांत जवळचा वाटतो तो ‘तीनखणी’. तीनखणी घरात खण वेगवेगळे, पण छप्पर एक. तरी रोजच्या लिखाणात एवढं नटायचं कारण नाही. ‘तीन गोष्टींचा भाग’ हे साधं वर्णन कुणालाही कळतं आणि कुठल्याही वाक्यात बसतं.

एक पथ्य मात्र पाळा. एपिसोडला ‘भाग’ म्हटलं की आतल्या तुकड्याला ‘भाग’ म्हणू नका, नाहीतर ‘पहिल्या भागाच्या तिसऱ्या भागात’ अशी वाक्यं तयार होतात. मालिकेच्या सीझनला ‘पर्व’ रुळलेलं आहेच. मग मांडणी अशी होते: २५ ऑक्टोबर १९९० रोजी अमेरिकेत दाखवलेला पहिला ट्रीहाऊस म्हणजे दुसऱ्या पर्वाचा तिसरा भाग, आणि त्यात तीन गोष्टी. झपाटलेलं घर, परग्रहवासीयांनी पळवलेलं कुटुंब, आणि एडगर अ‍ॅलन पो यांची ‘द रेव्हन’ ही कविता.

या तीन गोष्टींभोवती जी कथा असते तिला ‘चौकटकथा’ हा समीक्षेतला शब्द आहे, आणि त्याचा आपल्याकडचा नमुना तर घराघरात माहीत आहे: वेताळपंचविशी. तिथे झाडावर वेताळ लटकलेला असतो आणि गोष्टी तो सांगतो. इथे झाडावर मुलं बसलेली असतात, गोष्टी ती सांगतात, आणि बाहेरून चोरून ऐकणाऱ्या होमरची, म्हणजे त्यांच्या बापाची, पाचावर धारण बसते. दुसऱ्या वर्षीची चौकट म्हणजे अति गोड खाऊन पडलेली वाईट स्वप्नं. तिसऱ्या वर्षी घरातल्या मेजवानीत गोष्टी सांगितल्या जातात, चौथ्या वर्षी होमरचा मुलगा बार्ट एकेका चित्रासमोर उभा राहून ओळख करून देतो. पुढे चौकट जवळजवळ गळूनच गेली. म्हणजे ‘ट्रीहाऊस’ नावाचं झाडावरचं घर खऱ्या अर्थाने पहिल्याच वर्षी होतं. मथळ्याचं भाषांतर करणाऱ्याने हे ध्यानात ठेवावं: नाव आता केवळ खूण आहे, वर्णन नाही.

मग ट्रीहाऊसला काय म्हणावं? मचाण म्हटलं की शिकारी आठवतो. शेतातल्या राखणीच्या उंच मंचाला माळा म्हणतात, पण मुंबईकर वाचक ‘माळ्यावरच्या भयकथा’ वाचून पोटमाळ्यावरची ट्रंक शोधू लागेल. ‘वृक्षगृह’ हे पर्यटन खात्याच्या पाटीवर शोभेल. मुलांनी फळ्या ठोकून केलेल्या त्या जागेला ‘खोपटं’ हा शब्द अगदी चपखल आहे, त्यात ओबडधोबडपणाही येतो. हॉररसाठी ‘भूतकथा’ चालणार नाही, कारण निम्म्या गोष्टींत भूतच नसतं. परग्रहवासी असतात, यंत्रं असतात. ‘गूढकथा’त विनोदाला जागा उरत नाही. नारायण धारपांच्या वाचकांना ‘भयकथा’ सवयीचा आहे, तोच घ्यावा. ‘झाडावरच्या खोपट्यातल्या भयकथा’ हे लांब वाटलं तर ‘खोपट्यातलं भय’ एवढ्यावर भागेल.

या भागांची आणखी एक खूण म्हणजे यात काहीही घडलं तरी ते मूळ मालिकेत धरत नाहीत. पात्रं मरतात, जग बुडतं, पुढच्या आठवड्यात सगळे पुन्हा सोफ्यावर. इंग्रजीत याला ‘नॉन-कॅनन’ म्हणतात. त्याला ‘अप्रमाण’ किंवा ‘प्रमाणबाह्य’ असे शब्द काढायची काहीच गरज नाही. खेळात ज्याचं आऊट होणं धरायचं नसतं त्याला आपण काय म्हणतो? कच्चं लिंबू. ट्रीहाऊस म्हणजे मालिकेतलं कच्चं लिंबू.

हॅलोवीनबद्दल थोडक्यात. ‘वी’ दीर्घ लिहावा, मशीनमधल्या ‘शी’सारखा. ३१ ऑक्टोबर ही १ नोव्हेंबरच्या सर्व संतांच्या सणाची आदली संध्याकाळ, नावातही तेच आहे. गोव्यातल्या किंवा वसईतल्या ख्रिस्ती वाचकाला हे वेगळं सांगावं लागणार नाही. ‘त्यांची सर्वपित्री’ हे स्पष्टीकरण टाळा. आपण पितरांना जेवू घालतो, त्यांची सोंगं आणून दारोदार फिरत नाही. आणि ‘हॅलोवीनच्या दिवशीचा भाग’ असंही लिहू नका. २००० सालापासून काही वर्षं बेसबॉलच्या अंतिम मालिकेमुळे हे भाग नोव्हेंबरात ढकलले गेले होते. ‘हॅलोवीनचा भाग’ हे कधीही खरं ठरतं.

खरी कसोटी शब्दखेळांची. या भागांच्या श्रेयनामावलीत लोकांची नावं भीतीदायक करून लिहायची प्रथा आहे. निर्माते मॅट ग्रेनिंग यांचं ‘बॅट ग्रेनिंग’ होतं. मराठीत ते तसंच लिहिलं तर वटवाघूळ दिसत नाही, क्रिकेट दिसतं. हा विनोद सोडून द्यावा. उलट १९९४च्या भागातली ‘टाइम अँड पनिशमेंट’ ही गोष्ट मराठीत तरते. नावातला खेळ दोस्तोयेव्हस्कीच्या ‘क्राइम अँड पनिशमेंट’ या कादंबरीवरचा. होमर घरचा टोस्टर दुरुस्त करतो आणि त्याचं कालयंत्र होऊन बसतं. ‘काळ आणि शिक्षा’ असं केलं तर गंमत मेलीच. ‘काळाच्या पाण्याची शिक्षा’ केलं तर दोस्तोयेव्हस्की जातो, पण अंदमान येतो.

सगळ्यांत अवघड जागा पहिल्याच वर्षीच्या दुसऱ्या गोष्टीत आहे. परग्रहवासी सिम्प्सन कुटुंबाला यानात नेऊन भरपूर खाऊ घालतात. मुलगी लीसा हिला संशय येतो आणि तिला धुळीने माखलेलं एक पाकपुस्तक सापडतं. नाव दिसतं: ‘हाऊ टू कुक ह्यूमन्स’. धूळ फुंकली की मधे ‘फॉर’ उगवतो, म्हणजे माणसांसाठी. आणखी फुंकली की तो ‘फॉर’ नसून ‘फोर्टी’ निघतो, म्हणजे चाळीस माणसं शिजवायची. शेवटची फुंकर मारल्यावर पूर्ण नाव कळतं: ‘हाऊ टू कुक फॉर फोर्टी ह्यूमन्स’. दोषी, निर्दोष, दोषी, निर्दोष असा चार पायऱ्यांचा झोका आहे.

ही थट्टा ‘द ट्वायलाइट झोन’ या जुन्या अमेरिकी मालिकेच्या १९६२ सालच्या ‘टू सर्व्ह मॅन’ या भागाची. तिथला श्लेष ‘सर्व्ह’वर, सेवा करणे आणि ताटात वाढणे. तो मराठीत फुकटात मिळतो: सेवा आणि सेवन हे दोन्ही एकाच ‘सेव्’ धातूचे. ‘मानवाच्या सेवेसाठी’ आणि ‘मानवाच्या सेवनासाठी’. संस्कृतने आपल्यासाठी आधीच करून ठेवलेलं काम.

पाकपुस्तकाचं तसं नाही. धूळ फक्त जाते, परत येत नाही. म्हणून एकदा दिसलेलं अक्षर पुसता येत नाही. इंग्रजीत ‘फोर्टी’च्या पोटात ‘फॉर’ आहे म्हणून जमलं. ‘माणसांसाठी’ वापराल तर पहिल्याच पायरीला अडकाल, कारण ‘माणसांना’तला ‘ना’ फुंकरीने ‘साठी’ होत नाही. शब्दाचा अर्धा तुकडा झाकायचा तर शिरोरेषा चुगली करते. ‘चाळीस’मधलं ‘चाळ’ दाखवून ‘ीस’ लपवता येईल, पण चाळीचा इथे उपयोग काय?

तेव्हा अक्षरं नाही, ओळी झाका. मुखपृष्ठावर नाव पाच ओळींत मांडा, पहिली आणि पाचवी स्वच्छ, मधल्या तीन धुळीत. मग एकेका फुंकरीला असं दिसेल:

माणसांना / शिजवावे कसे
माणसांना / पुरेल इतके / शिजवावे कसे
माणसांना / पुरेल इतके / मीठ लावून / शिजवावे कसे
माणसांना / पुरेल इतके / मीठ लावून / मासे / शिजवावे कसे

झोका जसाच्या तसा. चालतं कशाने? एक तर ‘ना’ हा प्रत्यय द्वितीयेचाही आणि चतुर्थीचाही. ‘माणसांना शिजवावे’मध्ये माणसं हंड्यात आहेत, ‘माणसांना पुरेल’मध्ये पंगतीत. तिसऱ्या ओळीत ‘पुरेल इतके’ अचानक मिठाकडे सरकतं आणि माणसं परत हंड्यात जातात.

दुसरं कारण ‘शिजवावे’. कर्माला ‘ना’ लागला की भावे प्रयोग होतो आणि क्रियापद नपुंसकलिंगी एकवचनात उभं राहतं: माणसांना शिजवावे. ‘मासे’ आले की प्रयोग कर्मणी होतो आणि क्रियापद पुल्लिंगी अनेकवचनात जातं: मासे शिजवावे. रूप दोन्हीकडे तेच. बटाटे, भोपळे चालतील. भाकरी किंवा अंडी चालणार नाहीत, लगेच ‘भाजावी’, ‘उकडावी’ करावं लागेल आणि तळची ओळ बदलेल.

आज आपण ‘मासे शिजवावेत’ असा शेवटी ‘त’ लावून लिहितो, तो इथे मुद्दाम गाळला आहे. जुन्या लिखाणात तो अनेकदा नसतो, आणि पुस्तक धूळ खाण्याइतकं जुनं आहे. चित्र छपाईला देताना मुद्रितशोधकाला हे आधी सांगून ठेवा. त्याने सवयीने ‘शिजवावेत’ केलं, तर धूळ फुंकायच्या आधीच लीसाला कळेल की मधे कुणीतरी अनेकवचनी लपलेलं आहे.