ऑपरेशन दोन आठवडे पुढे ढकललं, "आधी खायला घाला" म्हणाले. उशीर धोक्याचा नाही का?

तुम्ही विचारलंय की सासऱ्यांच्या मोठ्या आतड्यात कॅन्सरची गाठ निघाली, तारीख ठरली आणि मग सर्जननीच ऑपरेशन दोन आठवडे लांबवलं. तोवर गाठ वाढली तर? आणि खायला घालायचं तरी काय?

मी डॉक्टर नाही. पण आमच्या आण्णांच्या वेळी मीही हाच प्रश्न घेऊन दवाखान्यात भांडलोय, म्हणून लिहितो.

आण्णा शिवाजी पेठेतले, तरुणपणी तालमीत घाम गाळलेले. वजन 86 किलो. गाठ सापडली तेव्हा 74, चार-साडेचार महिन्यांत. आम्हाला कळलंच नाही, कारण 74 किलोचा माणूस उपाशी वाटत नाही. उलट जो तो म्हणायचा, "पोट उतरलं की ओ, बरं झालं!" रक्त पडायचं ते मूळव्याधीच्या नावावर खपवलेलं. हातातलं घड्याळ तेवढं कोपराकडे घसरायला लागलं होतं, ते आईनं पाहिलं.

सर्जननी कागदावर हिशेब मांडला. 86 पैकी 12 गेले, म्हणजे 14 टक्के. सहा महिन्यांत 10 टक्क्यांहून जास्त वजन न ठरवता उतरलं, तर माणूस दिसायला कितीही आडदांड असो, पोषणाच्या दृष्टीनं तो धोक्यात. अशा रुग्णाला, कॅन्सर असला तरी, 7 ते 14 दिवस नीट पोषण देऊन मग टेबलावर घ्यावं, असं युरोपातल्या पोषणतज्ज्ञांच्या मार्गदर्शक सूचनाच सांगतात. आतडं कापून जोडलं की तो जोड भरायला प्रथिनं लागतात. जोड सुटला तर घाण पोटात पसरते. शिवाय स्नायू झडलेल्या माणसाला जोर लावून खोकता येत नाही, कफ साठतो, न्यूमोनिया होतो. ही गाठ सहसा काही वर्षं घेत वाढलेली असते. दोन आठवड्यांनी तिचं फारसं काही वाढत नाही, माणसाचं मात्र बरंच सावरतं.

हे नवं खूळ नाही. 1936 साली अमेरिकेत स्टडली नावाच्या सर्जननी जठराच्या अल्सरचे रुग्ण तपासले होते. ऑपरेशनआधी 20 टक्क्यांहून जास्त वजन गेलेल्यांत तिघांमागे एक दगावला, बाकीच्यांत शंभरात तीन-चार.

आता खाण्याचं. इथं आम्ही सपशेल चुकलो होतो. "हलकं द्या" म्हणून पेज, साबुदाण्याची खीर, चहा-बिस्किट, नारळपाणी. पाहुणे यायचे ते डब्यातून पांढरा रस्सा घेऊन, "ताकद येईल". आहारतज्ज्ञ बाईंनी डबा उघडून विचारलं, "फोडी कुठं आहेत?" फोडी आम्ही खाल्लेल्या! प्रथिनं असतात मटणात. रश्श्यात उतरते ती बहुतेक चव.

त्यांनी किलोमागे 1.2 ते 1.5 ग्रॅम प्रथिनं सांगितली. आण्णांना म्हणजे दिवसाला 90 ते 110 ग्रॅम. अंड्यात 6, पेलाभर दुधात 8, म्हणजे किती खावं लागतं बघा. भूक तर मेलेली. मग दर दोन तासांनी थोडं थोडं: दुधात दूध पावडर घोटून, उकडलेलं अंडं, चिकनचा मऊ खिमा, दही, पनीर, आणि दवाखान्यातून दिलेली प्रोटीन पावडर. आतडं अरुंद झालेलं, म्हणून पालेभाजी, मोडाची कडधान्यं, सालं बंद. तुमच्याकडे हे विचारूनच ठरवा. मधुमेह किंवा किडनीचा त्रास असेल तर हिशेब बदलतो. आणि आठवडाभर जवळजवळ काहीच पोटात गेलं नसेल तर एकदम भरपूर घालू नका, रक्तातले क्षार अचानक घसरतात.

नुसतं खाऊन स्नायू होत नाहीत. आण्णांना खुर्चीवरून हात न टेकता उठ-बस करायला लावलं. "ह्याला बैठका म्हणतात होय?" म्हणून कुरकुरले, पण केल्या.

"खात नाहीत तर सलाईन लावा" हा आमच्या काकांचा आग्रह. डेक्स्ट्रोजची अर्ध्या लिटरची बाटली म्हणजे साधारण 25 ग्रॅम साखर, शंभराच्या आत कॅलरी. एका भाकरीएवढंही नाही.

ऑपरेशन झालं. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनीच खायला सांगितलं, तर आत्या दारात आडवी: "टाके ओले हायत अजून!" हल्ली लवकर सुरू करतात, घाबरू नका. ऑपरेशनच्या आदल्या रात्रीपासून पाणीही बंद, हेही आता बऱ्याच ठिकाणी नाही, भूलतज्ज्ञांना विचारा.

वाट बघताना मात्र पोट फुगलं, उलट्या सुरू झाल्या, वारा सरेनासा झाला तर ठरलेल्या तारखेसाठी थांबू नका, रात्री दोन वाजले असले तरी निघा. बाकी उद्या सकाळी संडासला जाऊन आल्यावर सासऱ्यांचं वजन करा, सहा महिन्यांपूर्वीचं आठवून शेजारी लिहा, आणि तो कागद सर्जनपुढं ठेवा.