रूम टोन

प्रिय बाळ,

तुझा मेसेज रात्री पावणेएकला आला होता, मी सकाळी वाचला. तू लिहिलंयस, "सर, डोकं बंदच होत नाही, मेडिटेशनचं ॲप घेतलं पण तीन दिवसांत सोडलं, मला काही ते जमणार नाही." हे शेवटचं वाक्य वाचून मला राहवलं नाही म्हणून एवढं सविस्तर लिहायला बसलोय. आधीच सांगतो, मी तुला मेडिटेशन शिकवणार नाहीये, मला ते शिकवता येत नाही. मला आवाजातलं कळतं, तीस वर्षं तेच केलं, तेव्हा त्याच अंगाने सांगतो.

आमच्या साउंड रेकॉर्डिंगच्या कामात रूम टोन म्हणून एक प्रकार असतो. सीन संपला की रेकॉर्डिस्ट सगळ्यांना जागच्या जागी थांबवतो, कोणी हलायचं नाही, बोलायचं नाही, आणि तीस सेकंद, कधी मिनिटभर, त्या खोलीतली नुसती शांतता रेकॉर्ड करायची. कशाला, तर प्रत्येक खोलीची शांतता वेगळी असते. एडिटिंगला दोन वाक्यांच्या मधे कट मारला आणि तिथे काहीच ठेवलं नाही ना, तर ऐकणाऱ्याला लगेच खटकतं, एकदम बहिरं झाल्यासारखं वाटतं, म्हणून मधे त्याच खोलीची शांतता भरायची. त्यासाठी एसी बंद, पंखा बंद, घरात शूटिंग असेल तर फ्रिजसुद्धा बंद, आणि तो परत चालू करायला विसरू नये म्हणून गाडीची किल्ली फ्रिजमध्ये ठेवायची, म्हणजे फ्रिज उघडल्याशिवाय घरी जाताच येत नाही.

आणि हे सगळं बंद केल्यावर हेडफोनमध्ये काय काय येतं! ट्यूबलाइटची गुणगुण, लांबचा रस्ता, कोणाच्या तरी पोटातली गुडगुड, शर्टाची बाही घासल्याची सळसळ. आपण गप्प झालो म्हणून हे आवाज निघाले असं नाही गं, ते सकाळपासून तिथेच होते, माईकला ऐकू येत होते, आपल्याला येत नव्हते एवढंच.

एकदा असाच टोन घेत होतो आणि हेडफोनमध्ये कोणीतरी धापा टाकत होतं. मी वैतागलो, बघितलं कोण धावत आलंय, तर सगळे पुतळ्यासारखे उभे. मग लक्षात आलं की श्वास माझाच आहे. मी दहा मिनिटं एका जागी उभा होतो, पळालो नव्हतो, जिना चढलो नव्हतो, तरी श्वास छातीतल्या छातीत, छोटा छोटा, घाईघाईचा. त्या दिवसांत मी दोन-दोन शिफ्ट करायचो, घरी आलो की टीव्ही, जेवताना टीव्ही, झोपताना कानात रेडिओ, आणि कोणी विचारलं की मजेत आहे म्हणायचो, खोटं नाही, मला खरंच तसं वाटायचं. माझ्या छातीला माहीत होतं, मलाच माहीत नव्हतं. त्या तीस सेकंदांत जे कळलं ते त्याआधीच्या दोन वर्षांत कळलं नव्हतं. संध्याकाळी जाऊन मी दुसरी शिफ्ट सोडली.

आता तुझं. तू बसलीस, डोळे मिटले, आणि डोक्यात बाजार भरला, राहिलेलं काम, मैत्रिणीशी झालेलं भांडण, पुढच्या महिन्याचं टेन्शन, आणि तू ठरवलंस की मला जमत नाहीये. अगं, तो टोनच आहे! दिवसभर चालूच असतो, तू पहिल्यांदा पंखा बंद केलास म्हणून ऐकू आला. लोकांना वाटतं शांत बसलं की शांत वाटायला पाहिजे आणि तसं वाटलं नाही की आपलं चुकलं. पहिली पाच-सात मिनिटं बहुतेकांची वाईटच जातात, माझी अजूनही कधीकधी जातात, आणि नेमके तिथेच सगळे उठून फोन हातात घेतात.

ही तुझ्या एकटीची तऱ्हा नाहीये. २०१४ साली व्हर्जिनिया विद्यापीठातल्या टिमोथी विल्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचे काही प्रयोग छापून आले होते. त्यातल्या एकात माणसांना खोलीत १५ मिनिटं एकटं बसवलं, फोन नाही, पुस्तक नाही, फक्त एक बटण, दाबलं की विजेचा झटका. हा झटका टाळायला आम्ही पैसेसुद्धा देऊ असं हीच माणसं आधी म्हणाली होती. तरी १८ पुरुषांपैकी १२ जणांनी आणि २४ बायकांपैकी ६ जणींनी स्वतःला निदान एकदा तरी झटका दिला. पंधरा मिनिटं नुसतं बसवेना म्हणून! मला हे वाचून हसू नाही आलं, वाईट वाटलं, कारण आपल्या खिशातही तसंच एक बटण आहे आणि आपण ते दिवसातून शंभर वेळा दाबतो.

पण तिथे टिकलं की पुढे काही मिळतं, आणि ते नुसतं बरं वाटण्यापुरतं नसतं. इटलीत बर्नार्डी नावाच्या डॉक्टरांचा एक अभ्यास आहे, २००६ चा. ते खरं तर संगीताने हृदय आणि श्वासावर काय परिणाम होतो ते बघत होते, २४ जणांना वेगवेगळं संगीत ऐकवलं आणि मधेच दोन मिनिटांची गॅप ठेवली, आणि त्या गॅपमध्ये ठोके, ब्लडप्रेशर, श्वास संगीत सुरू व्हायच्या आधीपेक्षाही खाली आले. फक्त दोन मिनिटं. आणि मेंदूचं म्हणशील तर तो वजनाने शरीराच्या दोन टक्के पण खातो वीस टक्के ऊर्जा, आणि आपण काही करत नसतो तेव्हाही ती भूक फारशी कमी होत नाही. मेंदूचा अभ्यास करणारे मार्कस राइकल यांनी २००१ मध्ये दाखवलं की आपण रिकामे बसतो तेव्हा मेंदूचे काही भाग उलट जास्त चालतात, झालेलं आठवणं, पुढचं जुळवणं, आपण कोण आणि समोरचा कोण ह्याचा विचार, ही कामं त्या भागांशी जोडलेली आहेत. कदाचित म्हणूनच अंघोळ करताना अचानक काहीतरी सुचतं. आता तू अंघोळीलाही पॉडकास्ट लावतेस असं म्हणाली होतीस, ते मात्र बंद कर, हा हुकूमच समज.

बाकी कसं करायचं ते तुझं तू बसव, पण माझ्यापुरतं सांगतो. फोन सायलेंटवर नाही, दुसऱ्या खोलीत. डोळे मिटलेच पाहिजेत असं नाही. खुर्चीत बसतो, आधी सगळ्यात लांबचा आवाज शोधतो, मग सगळ्यात जवळचा, तो बहुतेक माझ्या श्वासाचाच असतो, आणि मग काही नाही, बसून राहतो. विचार आला की टोन घेताना लांबून हॉर्न वाजल्यावर जे करतो तेच, रेकॉर्डिंग थांबवायचं नाही, मनात नोंद करायची आणि चालू ठेवायचं. खरंच विसरून चालणार नाही असं काही आठवलं तर बाजूच्या कागदावर एक शब्द लिहायचा. सुरुवात तीस सेकंदांनी केलीस तरी चालेल, मी थट्टा करत नाहीये, आमच्या सेटवरची मोठमोठी माणसं तेवढ्यातही चुळबुळ करतात. मग दोन मिनिटं, मग दहा. रोज त्याच वेळेला असलं तर सोपं जातं, रात्री अंथरुणात नको, तिथे एकतर झोप लागते नाहीतर काळजी.

घरात जागा नाही, सतत माणसं असतात, हे तू म्हणणारच. जिन्यात बस, गच्चीवर जा, पार्क केलेल्या गाडीत दहा मिनिटं थांब. नॉइज कॅन्सलिंगचे हेडफोन असतील तर ते घाल, बाहेरचा आवाज माईकने घेऊन त्याच्या बरोब्बर उलटी लाट कानात सोडतात ते, पंख्याची किंवा इंजिनाची घरघर छान कापतात, माणसांचं बोलणं तेवढं कापत नाहीत. पण त्यात गाणं लावायचं नाही. पूर्ण शांतता तुला कुठेच मिळणार नाही आणि ती लागतही नाही, फक्त आपण आणखी आवाज घालायचा नाही एवढं पुरे.

आणि वेळ नाही हे तर बोलूच नकोस. गांधीजी सोमवारी मौन पाळायचे. २ जून १९४७ ला सोमवार होता, फाळणीचा प्लॅन नेत्यांसमोर ठेवलेला, माउंटबॅटन समोर बसलेले, तरी हा माणूस बोलला नाही, जुन्या पाकिटांच्या पाठीवर पेन्सिलने लिहून उत्तर दिलं. त्या दिवशी मौन पाळणं बरोबर की चूक ह्यावर लोक भांडोत, मी भांडत नाही, मला एवढंच दिसतं की जागा आधी ठरलेली होती म्हणून ती तशा दिवशीही टिकली. उरलेल्या वेळात बसेन म्हणशील तर वेळ उरतच नाही, माझा कधी उरला नाही.

एक फायदा कोणी फारसा सांगत नाही म्हणून सांगतो. मी शेकडो मुलाखती एडिट केल्यात. माणूस मनातलं बोलायच्या आधी थांबतो, दोन-तीन सेकंद, आणि मुलाखत घेणारा अस्वस्थ होऊन पुढचा प्रश्न टाकतो की संपलं, ते वाक्य कायमचं जातं. जो गप्प राहतो त्याला ते मिळतं. रोज थोडं शांत बसायला लागलीस की समोरच्याच्या त्या दोन-तीन सेकंदांची भीती जाते. तुझं आईशी सारखं वाजतं ना, तिथे करून बघ. ती थांबली की लगेच बोलू नकोस.

मात्र एक ऐक, आणि हे नीट ऐक. शांत बसलं की जर रोज तेच तेच काळं वर येत असेल, भीती वाटत असेल, छातीत धडधडत असेल, तर हट्टाने बसू नकोस, उठ, कोणाशी तरी बोल, डॉक्टरकडे जा, लाजायचं नाही. शांततेत दुखणं कळतं, पण प्रत्येक दुखणं तिने बरं होत नाही. मला माझा श्वास तिथे ऐकू आला, पण पुढे शिफ्ट मलाच सोडावी लागली.

आठवडाभर करून बघ आणि काय ऐकू आलं ते मला सांग, जमलं की नाही ते सांगू नकोस. रविवारी फोन कर, पण साडेसातनंतर. त्याआधी माझा फोन दुसऱ्या खोलीत असतो.