‘व्यामिश्र’ हा ‘किचकट’चाच भारदस्त अवतार आहे का?

परीक्षणांत ‘व्यामिश्र अनुभव’, ‘व्यामिश्र कादंबरी’ असं सारखं वाचायला मिळतं, मग साधं ‘किचकट’ का लिहीत नाहीत, असं तुम्ही विचारलंय. कारण ‘किचकट’मध्ये वैताग आहे. ‘व्यामिश्र’मध्ये तो नाही, झालंच तर थोडं कौतुक आहे.

फोड वि + आ + मिश्र. नुसतं मिसळलेलं नव्हे, तर पुरतं एकमेकांत शिरलेलं. आम्हा नाशिककरांना हे मिसळीवरून चटकन कळतं. थाळी समोर येते तेव्हा मटकी एका वाटीत, रस्सा दुसऱ्या वाटीत. शेव, कांदा, दही, पापड आपापल्या जागी. हे झालं संमिश्र, अजून बोट ठेवून मोजता येतं. मग रस्सा ओतायचा, लिंबू पिळायचं. शेव अर्धी भिजते, अर्धी कुरकुरीत राहते, आणि त्या घासात तिखट कुठलं न् आंबट कुठलं ते निवडून काढता येत नाही. हे व्यामिश्र. (वेटरला मात्र सांगू नका.)

म्हणूनच निर्णयावर ‘संमिश्र प्रतिक्रिया’ येतात: चार खूश, चार नाराज. पण वडील गेल्यावर घराची वाटणी करताना सख्ख्या भावाबद्दल राग, माया आणि स्वतःची लाज एकदमच दाटून येते, ती भावना व्यामिश्र.

गंमत म्हणजे गीतेत हा शब्द तक्रार म्हणून आलाय. तिसऱ्या अध्यायाच्या २ऱ्या श्लोकात अर्जुन म्हणतो, ‘व्यामिश्रेणेव वाक्येन बुद्धिं मोहयसीव मे’. एकीकडे ज्ञान मोठं म्हणतोस, दुसरीकडे लढायला लावतोस. तुझ्या या सरमिसळ बोलण्याने डोकं गरगरतंय, काय ते एक ठरवून सांग! अर्जुनाला ज्याचा त्रास झाला, त्यालाच आजचे समीक्षक शाबासकी देतात.

शेजारचे शब्द थोडक्यात. ‘जटिल’ जटेवरून आला. त्र्यंबकेश्वरच्या ब्रह्मगिरी डोंगरावर शंकराने जटा आपटल्या ती जागा दाखवतात, तिथे गेलात तर आठवा. जटिल प्रश्न सोडवायचा असतो. व्यामिश्र गोष्ट सोडवायला गेलं की तिची मजाच जाते. ‘क्लिष्ट’ आणि ‘क्लेश’ एकाच धातूचे, त्यामुळे क्लिष्ट भाषा म्हटलं की दोष लिहिणाऱ्याचा. आणि सातबाऱ्यावर वारसांची नावं चढवणं हे किचकट, त्याला दुसरा शब्द नाही.

तेव्हा माणसाचं मन, नातं, कविता, एखाद्या गावाचा इतिहास यांना व्यामिश्र म्हणा. फॉर्मला, यंत्राला, रस्त्याला नको. मी स्वतः एकदा एका कार्यालयात दिलेल्या अर्जात ‘सदर प्रकरण व्यामिश्र स्वरूपाचे आहे’ असं ऐटीत लिहिलं होतं. खिडकीतल्या बाईंनी दोनदा वाचलं, चष्मा वर केला आणि विचारलं, “म्हणजे भेसळीची केस आहे का, काका?”